मोठ्या आतड्याचा दाह टाळण्यासाठी आहार व दिनचर्या



सोलापूर जिल्ह्याची ओळख रब्बी ज्वारीने झाली आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही खाणाऱ्याच्या पसंतीस उतरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगाची चटणी आणि कांदा हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांचे जेवण. तरीही आज याच जिल्ह्यात गावोगावच्या औषध दुकानांत पोट साफ होण्याच्या चूर्णाच्या डब्या रांगेने मांडलेल्या दिसतात. हे असे का झाले याचा विचार मी स्वतः फार उशिरा केला, आणि तोही घरात आजारपण आल्यावर.

माझ्या वडिलांचे वय ६४. पूर्वी चार एकर ज्वारी असायची. पाण्याची सोय झाल्यावर सगळे रान उसाखाली गेले. ज्वारी विकत आणायची म्हणून भाकरी कमी झाली. सकाळी चहाबरोबर पाव किंवा बिस्किटे, दुपारी व रात्री भात असा क्रम पडला. शेतावर पायी जाणे बंद होऊन मोटारसायकल आली. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ते जवळपास रोज घेत. एके दिवशी ओटीपोटात डाव्या बाजूला दुखू लागले. गॅस समजून ओवा झाला, सोडा झाला, दुसऱ्या दिवशी एरंडेलही झाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि चौथ्या दिवशी आम्ही त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेले. सी.टी. स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याला सूज आणि शेजारी पू झालेला दिसला. शस्त्रक्रिया टळली, पण आणखी एक-दोन दिवस घरी काढले असते तर आतडे फुटण्याची भीती होती. डॉक्टरांनी वडिलांना विचारले, "घरी भाकरी खाता का?" कोणत्या पिकाला कोणते खत किती द्यावे हे मी वर्गात शिकवतो, घरच्या ताटात काय उरले आहे हे मात्र मी पाहिले नव्हते.

या आजाराला वैद्यकीय भाषेत डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. त्यावरील औषधोपचार हा डॉक्टरांचा विषय आहे. परंतु तो होऊ नये म्हणून ज्या रोजच्या सवयी उपयोगी पडतात, त्यांपैकी बऱ्याच आपल्या शेताशी आणि चुलीशी निगडित आहेत. त्यांची माहिती या लेखात दिली आहे.

आजार नेमका काय आहे?

मोठे आतडे ही सुमारे पाच फूट लांबीची स्नायूंची नळी आहे. लहान आतड्यातून आलेल्या पातळ अन्नशेषातील पाणी शोषून घेणे आणि मळ पुढे ढकलणे ही तिची कामे. सायकलचा टायर एखाद्या ठिकाणी कमकुवत झाला आणि हवा जास्त भरली, तर आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर येते. तसेच आतड्याच्या भिंतीत ज्या ठिकाणी रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा काहीशा कमकुवत असतात. आतला दाब वाढला की तेथून आतले अस्तर बाहेर येऊन वाटाण्याएवढ्या छोट्या पिशव्या तयार होतात. वय वाढेल तसे त्यांचे प्रमाण वाढते. पाश्चात्त्य देशांत त्या बहुधा डाव्या बाजूला, आतड्याच्या शेवटच्या भागात आढळतात. पूर्व आशियातील लोकांत उजव्या बाजूला अधिक दिसतात.

नुसत्या पिशव्या असणे म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. पिशव्या असलेल्या शंभर माणसांत पाचांहून कमी जणांना दाह होतो. पिशवीला सूज येते, जंतुसंसर्ग होतो, कधी पू होतो आणि क्वचित पिशवी फुटून घाण पोटाच्या पोकळीत पसरते. हा शेवटचा प्रकार जिवावर बेतणारा आहे. म्हणून पिशव्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. त्यांचा दाह होऊ नये अशी राहणी ठेवणे हे आपले काम.

संशोधन काय सांगते?

डेनिस बर्किट या शल्यविशारदाने आफ्रिकेतील युगांडात अनेक वर्षे काम केले. कोंड्यासह धान्य व कंदमुळे खाणाऱ्या तेथील ग्रामीण लोकांत हा विकार अगदी क्वचित आढळे, तर पांढरा पाव खाणाऱ्या इंग्लंडमध्ये तो घरोघरी होता. १९७१ मध्ये नील पेंटर व बर्किट यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे मांडले, की हा आहारातील चोथ्याच्या अभावाचा विकार आहे. पुढील अभ्यासांत हे चित्र थोडे बदलले. पिशव्या तयार होण्यामागे चोथ्याचा अभाव हे एकच कारण नाही; वय आणि आनुवंशिकता यांचाही मोठा वाटा आहे. परंतु पिशव्यांचा दाह होण्याचा धोका मात्र भरपूर चोथा खाणाऱ्यांत कमी असतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

अमेरिकेत पन्नास हजारांवर पुरुषांची अनेक वर्षे नोंद ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या : भरपूर चोथा, लाल मांस कमी, अंगमेहनत, आटोक्यातील वजन आणि धूम्रपान न करणे. हे पाचही नियम सर्वांनी पाळले असते तर दाहाचे सुमारे निम्मे रुग्ण टळले असते, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांपैकी एकाही गोष्टीला औषध लागत नाही.

चोथा म्हणजे आहारातील कडबा

जनावराला नुसती पेंड आणि भरडा खाऊ घातला आणि कडबा बंद केला तर काय होते, हे आपण जाणता. रवंथ मंदावते, पोट बिघडते. माणसाचे पोट जनावरासारखे नसले तरी त्यालाही वैरण लागतेच. धान्याचा कोंडा, कडधान्याचे टरफल, भाजीचे तंतू, फळाची साल व गर यांतील जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो चोथा.

चोथा दोन प्रकारे काम करतो. शेणखत जसे जमिनीत ओल धरून ठेवते, तसा तो आतड्यात पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ मऊ व भरीव राहतो आणि कमी दाबाने पुढे सरकतो. दुसरे असे, की जमिनीतील उपयुक्त जिवाणूंना जसे सेंद्रिय पदार्थ लागतात, तसे आतड्यातील उपयुक्त जिवाणू चोथ्यावर जगतात. त्यांनी तयार केलेली आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा असावा. आपल्या नेहमीच्या पदार्थांत तो किती असतो, हे पुढील तक्त्यावरून लक्षात येईल.

१०० ग्रॅम खाद्यपदार्थातील चोथा (ग्रॅम, अंदाजे)

ज्वारी : १०
बाजरी : ११.५
गव्हाचे न चाळलेले पीठ : ११
पांढरा तांदूळ : ३
मैदा : ३
अख्खा हरभरा : २५
हरभरा डाळ : १५
अख्खे मूग : १७
मूग डाळ : ९
मटकी : १५
तूर डाळ : ९
शेंगदाणे : १०
शेवग्याचा पाला : ८
मेथी : ५
पेरू : ८.५
डाळिंबाचे दाणे : ३

या तक्त्यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, गव्हाची चपाती ही भाकरीची वैरी नाही. पीठ न चाळता केलेली चपाती चोथ्याच्या बाबतीत भाकरीच्या बरोबरीची आहे. खरे नुकसान भाकरी-चपातीच्या जागी भात, पाव, खारी, बिस्किटे व फरसाण आल्याने होते. दुसरी, कडधान्याची डाळ केली की टरफलाबरोबर चोथ्याचा मोठा भाग जातो. म्हणून रोज एक वेळ तरी अख्ख्या कडधान्याची उसळ करावी.

दोन ताटांचा हिशेब

पहिले ताट. दिवसभरात चार मध्यम भाकरी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ : २० ग्रॅम चोथा. मटकीची उसळ, कोरडी मटकी ४० ग्रॅम : ६ ग्रॅम. मेथीची भाजी १०० ग्रॅम : ५ ग्रॅम. तुरीचे वरण, डाळ ३० ग्रॅम : सुमारे ३ ग्रॅम. चमचाभर शेंगाची चटणी : १ ग्रॅम. एकूण ३५ ग्रॅम. त्यात एक पेरू खाल्ला तर ४३ ग्रॅमवर जाते.

दुसरे ताट. दोन वेळचा भात, तांदूळ २०० ग्रॅम : ६ ग्रॅम. वरण : ३ ग्रॅम. बटाट्याची भाजी १०० ग्रॅम : २ ग्रॅमहून कमी. सकाळी चहाबरोबर बिस्किटे व पाव : २ ते ३ ग्रॅम. एकूण १४ ग्रॅमही भरत नाहीत.

दोन्ही ताटांनी पोट भरते, पण दुसऱ्या ताटात चोथा निम्म्याहूनही कमी आहे. विशेष म्हणजे पहिल्या ताटातील बहुतेक सर्व वस्तू आपल्या शिवारात पिकतात.

चोथा वाढवताना घाई करू नये. अनेक वर्षे भातावर असलेल्या माणसाने एकदम उसळी व भाकरी सुरू केल्यास पोट फुगते, वायू धरतो आणि 'आपल्याला मानवत नाही' म्हणून तो सोडून देतो. पहिल्या आठवड्यात एका वेळच्या भाताऐवजी भाकरी, पुढच्या आठवड्यात मोड आलेली उसळ, त्यापुढे रोज एक फळ, अशा टप्प्यांनी तीन-चार आठवड्यांत बदल करावा.

रोजच्या इतर सवयी

१) पाणी : चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही, तर मळ घट्ट होऊन उलट त्रास होतो. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होत असल्यास पाणी कमी पडत आहे असे समजावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. शेतावर आडोसा नसतो म्हणून आपल्या घरच्या व रोजाने येणाऱ्या स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे आपण पाहतो. विहिरीवर पंपासाठी खोली बांधतो, तेथेच एक साधे शौचालय बांधावे. तो खर्च वाया जाणार नाही.

२) शौचाची वेळ : वेग आला की टाळू नये आणि वेग नसताना कुंथत बसू नये. सकाळी उठल्यावर किंवा न्याहारीनंतरची एक वेळ ठरवावी. मिश्री लावल्याशिवाय किंवा तंबाखू मळल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे अनेक जण सांगतात. ती केवळ लागलेली सवय असते आणि तिची किंमत तोंडाच्या कर्करोगाने चुकवावी लागते.

३) अंगमेहनत : शेतकऱ्याला व्यायामाची गरज नाही, हे पूर्वी खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी पंपाने आणि बांधापर्यंतचा प्रवास मोटारसायकलने होतो. ज्यांचे कष्टाचे काम कमी झाले आहे, त्यांनी रोज किमान अर्धा तास झपझप चालावे. घर ते शेत हे अंतर त्यासाठी पुरेसे आहे.

४) वजन : पोटाचा घेर वाढू देऊ नये. बारीक हातपाय आणि सुटलेले पोट ही आपल्याकडील नेहमीची ठेवण आहे. पोटाभोवतीची चरबी दाहाला पोषक ठरते.

५) विडी-सिगारेट : धूम्रपान करणाऱ्यांत दाहाचे आणि पिशवी फुटण्याचे प्रमाण जास्त असते. विडी कमी करण्यापेक्षा सोडलेली बरी.

६) मटण : जत्रेत किंवा सणावाराला खाल्लेल्या मटणाने काही बिघडत नाही. परंतु ते रोजचे किंवा दिवसाआडचे होऊ नये. वर सांगितलेल्या अभ्यासात दिवसाला सरासरी ५० ग्रॅमच्या आत लाल मांस खाणारे सुरक्षित गटात होते. मांसाहार करायचा झाल्यास मासे व कोंबडी हे बरे पर्याय आहेत.

७) वेदनाशामक गोळ्या : अंगदुखी, कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात. त्या नेहमी घेणाऱ्यांत दाह व आतड्यातील रक्तस्राव यांचा धोका वाढतो. ऊसतोडीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत रोज एक गोळी घेऊन कामावर जाणारे स्त्री-पुरुष आपल्या माहितीत असतील, त्यांना हे अवश्य सांगावे. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नये.

बियांविषयीचा गैरसमज

पिशव्या असलेल्यांनी शेंगदाणे, मका, लाह्या, बिया असलेली फळे खाऊ नयेत, बी पिशवीत अडकते, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. २००८ मध्ये सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या अठरा वर्षांच्या नोंदींवरून हे तपासण्यात आले. दाणे, मका व लाह्या खाणाऱ्यांत दाहाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. बारीक बियांच्या फळांनीही धोका वाढला नाही. तेव्हा शेंगाची चटणी, हुरडा, पेरू, तीळ आणि आपल्या सांगोल्या-पंढरपूरकडचे डाळिंब या भीतीने सोडण्याचे कारण नाही. सर्व पदार्थ बारीक चावून खावेत, एवढे पुरे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ओटीपोटात एका जागी, विशेषतः डाव्या बाजूला, सतत दुखत असेल आणि सोबत ताप, मळमळ किंवा शौचाच्या सवयीत अचानक बदल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उजव्या बाजूचे दुखणे अपेंडिक्सचेही असू शकते, तेही थांबणारे नाही. पोट लाकडासारखे कडक होणे, उलट्या न थांबणे, शौचावाटे रक्त जाणे, चक्कर येणे यांपैकी काहीही आढळल्यास रात्रीची वेळ असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

अशा वेळी एरंडेल, जमालगोटा, सोनामुखी यांसारखी रेचके मुळीच देऊ नयेत. पोट चोळू नये. सुजलेल्या आतड्याला जुलाब देणे म्हणजे फुटायला आलेल्या पाइपलाइनमध्ये पंपाचा दाब वाढवणे होय. दाह चालू असताना चोथ्याचा आहारही देऊ नये. डॉक्टर सांगतील तसे पातळ पदार्थ द्यावेत. बरे वाटल्यावर त्यांच्या सल्ल्याने भाकरी व भाजी हळूहळू सुरू करावी. चाळिशीनंतर शौचाची सवय बदलली किंवा रक्त गेले, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही हीच लक्षणे असू शकतात.

घरासाठी एक एकर

आता माझ्या विषयाकडे येतो. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज सुमारे दीड किलो ज्वारी लागते असे धरल्यास वर्षाला साडेपाच क्विंटल होते. एकरी पाच-सहा क्विंटल उतारा धरला, तरी एक एकर रान घराची गरज भागवते. ऊस, द्राक्ष किंवा डाळिंब करणाऱ्या बागायतदारानेही एवढे क्षेत्र घरासाठी राखावे. कडबा जनावरांना होतो, तो वेगळाच.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, दोन ओळींत ४५ सें.मी. व दोन रोपांत १५ सें.मी. अंतर ठेवून करावी. एकरी चार किलो बियाणे पुरते. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीसाठी फुले वसुधा किंवा फुले यशोदा आणि पाण्याची सोय असल्यास फुले रेवती हे वाण निवडावेत. लाह्यांसाठी फुले पंचमीच्या चार ओळी टाकाव्यात. खरिपात मटकी व मूग घरापुरते करावेत. बांधावर दोन शेवगे आणि विहिरीजवळ दोन पेरू लावावेत. सांडपाण्यावर मेथी, चुका, अंबाडी होते.

पीक नियोजन करताना आपण बाजारभाव, पाणी व मजूर यांचा हिशेब मांडतो. त्यात 'घरच्या ताटात काय येणार' हा रकानाही असावा. आमच्या घरी गेल्या रब्बीत उसाचे एक एकर मोडून ज्वारी पेरली. वडील आता सकाळी रानात पायी जातात आणि गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात. आनुवंशिकता आणि वय आपल्या हातात नाही, त्यामुळे त्रास पुन्हा होणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु जे हातात आहे ते पेरणीच्या हंगामातच करावे लागते. येत्या सप्टेंबरात आपणही घरासाठी एक एकर जरूर राखावे.